तुरुंग आणि इमिग्रेशन कोठडी: इंग्लंडमधील दुहेरी वकिली

इंग्लंडमध्ये १२ महिने किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेल्या परदेशी नागरिकाला, काही अपवाद वगळता, हद्दपार करणे २००७ च्या यूके बॉर्डर्स ॲक्टनुसार होम ऑफिसवर, म्हणजे तिथल्या गृहखात्यावर, बंधनकारक आहे. त्यामुळे शिक्षा भोगून झाली तरी अनेकांची सुटका होत नाही. सुटकेच्या तोंडावर त्यांच्या हाती ताब्यात ठेवण्याची कारणे सांगणारा ‘आयएस ९१आर’ हा फॉर्म पडतो आणि माणूस बहुधा त्याच खोलीत, पण आता इमिग्रेशनच्या आदेशाखाली राहतो. सॉलिसिटर म्हणून माझी बरीचशी कामे याच टप्प्यावरची असतात. नवोदितांनी तुरुंगाचा आणि इमिग्रेशनचा असे दोन्ही कायदे एकत्रच शिकावेत, असे माझे ठाम मत आहे.

अडचण अशी, की लीगल एडच्या, म्हणजे सरकारी खर्चाने मिळणाऱ्या कायदेशीर मदतीच्या, व्यवस्थेत तुरुंगाचे काम फर्मने सरकारशी केलेल्या फौजदारी करारात आणि इमिग्रेशनचे काम दिवाणी करारात मोडते. कित्येक फर्मकडे यांतला एकच करार असल्याने पक्षकार नेमका गरजेच्या वेळी वकिलाविना राहतो. म्हणून नोकरीच्या मुलाखतीत दोन्ही करार आहेत का, हे निःसंकोच विचारावे. सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई या पात्रता परीक्षेचे दोन टप्पे आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. भारतात सनद घेतलेल्या वकिलांना अनुभवाच्या अटीतून सूट आहे, मात्र लीगल एडवर इमिग्रेशनचे काम करायचे तर लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संघटनेची वेगळी मान्यता मिळवावी लागते.

तुरुंगाच्या कामात, कैद्याला सोडणे सुरक्षित आहे का हे ठरवणाऱ्या पॅरोल बोर्डापुढील सुनावण्यांचा वाटा मोठा असतो. आयपीपी ही बेमुदत शिक्षा २०१२ मध्ये रद्द झाली, पण आधी ती झालेल्यांना त्याचा लाभ मिळाला नाही. त्यांची प्रकरणे आजही येतात. २०१३ मध्ये या क्षेत्रातील लीगल एडला मोठी कात्री लागली आणि २०१७ मध्ये अपील न्यायालयाने त्यातील काही कपात अन्यायकारक ठरवली.

इमिग्रेशन कोठडीला कायद्यात ठरावीक कमाल मुदत नाही. तिला आवर घालणारी तत्त्वे हरदयाल सिंग या भारतीय नागरिकाच्या १९८३ च्या खटल्यातून आली: ताबा केवळ देशाबाहेर पाठवण्यासाठीच असावा आणि वाजवी काळापुरताच असावा. युक्तिवाद कितीही बिनतोड असला, तरी जामीन बहुतेक वेळा अडतो तो पत्त्यावर. पक्षकार लायसन्सवर, म्हणजे प्रोबेशनच्या देखरेखीखाली सुटणार असेल, तर राहण्याच्या जागेला प्रोबेशन अधिकाऱ्याची संमती लागते, आणि मावसभावाच्या घरात शाळकरी मुले आहेत एवढ्या कारणावरूनही ती नाकारली जाऊ शकते. म्हणूनच मी पत्त्याचा शोध सुटकेच्या तारखेच्या कितीतरी महिने आधी सुरू करतो. या काळात बराचसा पत्रव्यवहार टपालानेच होतो, कारण तुरुंगात कैद्याला मोबाइल बाळगता येत नाही. पाकिटावर ‘रूल ३९’ (वकिलाशी होणारा पत्रव्यवहार गोपनीय ठेवणारा तुरुंगाचा नियम) लिहायचे राहिले, तर गोपनीय पत्र सर्रास उघडले जाते.

कमाईचे सांगायचे तर कॉर्पोरेट फर्ममधील वर्गमित्रांशी तुलना करू नये. लीगल एडमधील बरेचसे शुल्क ठरावीक असते, मग त्या फाइलवर दहा तास जावोत की वीस. तेव्हा घरभाड्याचा हिशोब पहिल्याच महिन्यात मांडावा.