बांबूचं सॅम्पल इन्स्ट्रुमेंट बनवायला शिकताय? थोडं अनुभवातून

सॅम्पल इन्स्ट्रुमेंट (खऱ्या वाद्याचे आवाज रेकॉर्ड करून कीबोर्डवर वाजवता येईल असं केलेलं सॉफ्टवेअर वाद्य) बनवायला शिकायचंय, सुरुवात कशाने करू, असं कोणी विचारलं की मी दरवेळी बांबू सांगते. पियानो घेतला तर ८८ पट्ट्या, पेडल, लांबच लांब नाद, त्यात नवा माणूस महिनोन् महिने अडकतो. बांबूचा ठोका पटकन विरतो, लूप (आवाजाचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणं) लावायची गरज पडत नाही, फाइल लहान राहते आणि तरीही या कामात लागणारं जवळपास सगळं शिकून होतं, म्हणजे माइक, ट्यूनिंग, व्हेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली ते), एडिटिंग, मॅपिंग (कुठला आवाज कुठल्या पट्टीवर ते), सगळंच.

पण आधी नळी समजून घ्या, सॉफ्टवेअर नंतर. बांबूच्या गाठीत आतून पडदा असतो, त्यामुळे गाठीच्या वर कापलं की एका बाजूने बंद नळी आयती मिळते. अशा नळीत हवेचा जो सूर लागतो त्याची लहर नळीच्या लांबीच्या चौपट असते. आतून २५ सेंटीमीटर खोल नळी घेतली आणि आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर हिशोबाने ३४३ हर्ट्झ येतात. प्रत्यक्षात तोंडाशी हवा जराशी बाहेरपर्यंत हलते, म्हणून नळी थोडी लांब असल्यासारखी वागते आणि आतला व्यास ४ सेंटीमीटर असेल तर सूर ३२७ च्या आसपास उतरतो, म्हणजे चौथ्या सप्तकातल्या ई च्या किंचित खाली. हे एकदा डोक्यात बसलं की ट्यूनर काहीतरी विचित्र दाखवतोय असं वाटणं बंद होतं. आणि दुसरं म्हणजे नळीत दोन आवाज असतात, एक आतल्या हवेचा आणि एक भिंतीच्या लाकडाचा. तोंडावर सपाट पॅडलने थाप मारली की हवेचा गोल सूर पुढे येतो, अंगावर मॅलेट (वाजवायची काठी) मारलं की लाकडाचा टणक ठोका. ही दोन वेगळी आर्टिक्युलेशन्स, म्हणजे वाजवण्याच्या पद्धती आहेत, वेगवेगळी रेकॉर्ड करा. बांबू पूर्ण वाळलेला हवा, ओला असेल तर ठोका दबका येतो आणि नंतर वाळताना सूरही हलतो.

तापमानाकडे नवे लोक बघतच नाहीत. हवा एक डिग्री तापली की आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो, म्हणजे सकाळी अर्ध्या नळ्या रेकॉर्ड केल्या आणि दुपारी खोली ५ डिग्रीने तापल्यावर उरलेल्या केल्या तर दोन्हींत १५ सेंटच्या (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) आसपास फरक पडतो, तो ऐकू येतो. म्हणून एक पूर्ण सेट एकाच बैठकीत, आणि पंखा एसी बंद.

माइक लहान डायफ्रामचा कंडेन्सर असला तर ठोक्याची धार छान येते. ३०-४० सेंटीमीटरवर ठेवा पण नळीच्या तोंडासमोर थेट नको, थापेबरोबर हवेचा झोत येतो आणि खाली धप्प असा आवाज बसतो, जरा तिरका लावला की काम होतं. खोलीसाठी दुसरी जोडी लांब लावली तर तिचा आवाज दर ३४ सेंटीमीटरला एक मिलिसेकंद उशिरा पोचतो, तो उशीर तसाच राहू द्या, खोली केवढी आहे ते त्यातूनच कळतं. २४ बिटवर रेकॉर्ड करा. नॉइझ एका सॅम्पलमध्ये कळत नाही पण ८ नळ्या एकदम वाजल्या की ती ९ डेसिबलने वर येते, त्यामुळे शांत खोलीला पर्याय नाही.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. बांबूचा जीव दोन ठोक्यांमधल्या फरकात आहे. एकच सॅम्पल भराभर वाजवलं की मशीनगनसारखं वाजतं हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून राउंड रॉबिन (एकाच नोटचे अनेक टेक आळीपाळीने वाजवणं) ठेवतात, पण मग एडिटिंगला बसल्यावर सगळे ठोके एकाच लेव्हलला, एकाच सुरात, एकाच लांबीचे करून टाकतात आणि सहा टेक घेऊनही हाती एकच आवाज उरतो. असं करू नका. एका ठोक्याला मॅलेट मधोमध बसलं, दुसऱ्याला जरा कडेला, तिसऱ्यात दोरीवर टांगलेली नळी किंचित फिरली, हे ऐकणाऱ्याला शब्दांत सांगता येणार नाही पण खरं माणूस वाजवतंय हे त्याला त्यातूनच कळतं. प्रत्येक फाइल वेगळी नॉर्मलाइझ (आवाज ठराविक लेव्हलपर्यंत वाढवणं) तर अजिबात नको, पूर्ण सेटला एकच गेन द्या. फेकायचं ते एवढंच, मॅलेट दोनदा आपटलेला ठोका, कपड्याची सळसळ, श्वास. सुरुवात मात्र एकदम काटेकोर कापा, पुढे १० मिलिसेकंद शांतता राहिली तरी वाजवणाऱ्याच्या हाताला ते इन्स्ट्रुमेंट जड लागतं. शेवट विरू द्या, छोटासा फेड पुरे.

हिशोब आधीच करून ठेवा. १० नळ्या, ४ व्हेलॉसिटी लेयर (हळू ते जोरात असे थर), ६ राउंड रॉबिन म्हणजे २४० फाइल्स, दोन मॅलेट घेतली की ४८०. त्यामुळे फाइलच्या नावात नळी, मॅलेट, लेयर, टेक याच क्रमाने लिहायची सवय पहिल्या फाइलपासून लावा, मॅपिंग जवळजवळ आपोआप होतं. सूर ताणताना एक-दोन सेमीटोनच्या पुढे जाऊ नका, साध्या सॅम्पलरमध्ये एक सप्तक वर नेलं की वेग दुप्पट होतो आणि लाकडाचा ठोका खेळण्यातला वाटायला लागतो.

फॉरमॅट म्हणाल तर शिकायला एसएफझेड घ्या, ती साधी टेक्स्ट फाइल असते, कुठली नोट, कुठली व्हेलॉसिटी, कितवा टेक हे हाताने लिहिता येतं आणि आत काय चाललंय ते दिसतं. डिसेंट सॅम्पलर हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. कॉन्टॅक्ट हा नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचा सॅम्पलर नंतर शिका, नोकरी-कामाच्या दृष्टीने ते लागतंच, पण लक्षात असू द्या की कंपनीचं प्लेयर लायसन्स न घेतलेली तुमची लायब्ररी कॉन्टॅक्टच्या फुकटच्या प्लेयरमध्ये फक्त डेमो मोडमध्ये १५ मिनिटं चालते.

पुढची पायरी म्हणून आंगक्लुंगचा अभ्यास नक्की करा. पश्चिम जावाचं हे वाद्य, २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं. एका चौकटीत सप्तकाच्या अंतरावरच्या नळ्या असतात आणि वाद्य हलवून वाजवतात. हलवत राहून सूर लांबवणं म्हणजे कुरुलुंग, झटका देऊन तुटक वाजवणं म्हणजे चेंतोक, आणि एक नळी धरून ठेवून हलवणं म्हणजे तेंगकेप. इथे एकेक ठोका कापून कामच होत नाही, लांब हलवणं रेकॉर्ड करून त्यात लूप शोधायचा, सुरुवात आणि थांबणं वेगळं घ्यायचं, आणि हलवण्याचा वेगही दोन-तीन प्रकारचा ठेवायचा.

काम मिळवायचं असेल तर मोठी अर्धवट लायब्ररी दाखवण्यापेक्षा ५ नळ्यांचं पूर्ण झालेलं इन्स्ट्रुमेंट पाठवा. सोबत एक डेमो नुसत्या बांबूचा, त्यावर रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) नको, आणि एक गाण्याच्या मिक्समधला. माइक कुठे होता, मॅलेट कुठलं, लायसन्स काय, एवढं एका पानावर लिहा. समोरचा माणूस आधी एकच नोट हळू ते जोरात पंधरा-वीस वेळा दाबून बघतो, लेयर बदलताना आवाज उडी मारतोय का ते ऐकतो, म्हणून पाठवायच्या आधी तुम्हीही तेच करा, हेडफोन लावून, प्रत्येक नळीवर.