काचेच्या तुकड्यांचा काँक्रीट ओटा घरी ओतताना या चुका टाळा

भंगारातील बाटल्यांची काच घालून स्वयंपाकघराचा ओटा ओतताना होणारी सर्वांत महागडी चूक त्या दिवशी दिसतच नाही. आमच्या कोथरूडच्या घरातील पहिला ओटा घोटून झाला, तेव्हा हिरव्या आणि तपकिरी काचा सुरेख उठून दिसत होत्या; दुसरा पावसाळा सरल्यावर मात्र सिंकच्या कडेने जाळीसारख्या बारीक भेगा पसरल्या आणि काही तुकड्यांभोवती चिकट द्रव पाझरून पांढरट वाळलेला आढळला.

काच म्हणजे मुख्यतः सिलिका. सिमेंटमधील अल्कली तिच्यावर सावकाश क्रिया करून एक जेल तयार करते, ते ओलावा शोषून फुगते आणि काँक्रीटला आतून फाडते. सिंकजवळ ओल कायम असल्यामुळे सुरुवात बहुधा तिथूनच होते, आणि भेगांत वरून एपॉक्सी भरल्याने ही क्रिया थांबत नाही. म्हणून बंदोबस्त माल कालवतानाच करावा. करडा ओटा चालणार असेल, तर फ्लाय ॲश (दगडी कोळशाची बारीक राख) असलेले पीपीसी, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट वापरावे. पांढरा हवा असेल, तर व्हाइट सिमेंटचा वजनाने 15 ते 20 टक्के भाग कमी करून त्याऐवजी मेटाकाओलिन (भाजलेल्या चिनी मातीची पूड) घालावे. भिंतीची पुट्टी म्हणजे व्हाइट सिमेंट नव्हे, हेही दुकानातच पाहून घ्यावे.

काच नीट न धुणे ही दुसरी चूक. बाटलीच्या तळाशी वाळलेल्या सरबतातील साखर अगदी थोडी असली, तरी सिमेंटचे घट्ट होणे लांबते. गळ्याभोवती राहिलेली ॲल्युमिनियमची कडी तर ओल्या सिमेंटमध्ये हायड्रोजन वायू सोडते आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांची छिद्रे पडतात. या कड्या हाताने वेचून काढाव्यात, मात्र जाड हातमोजे घालूनच.

माल सैल असला की थापीला बरे वाटते, पण ओटा कमकुवत होतो. 10 किलो सिमेंटला सुमारे 4 लिटर पाणी पुरेसे असते. माल वाहता हवा असल्यास पाण्याऐवजी सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल वाहता करणारे रसायन) वापरावा. पुण्यात एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ओतकाम केल्यास, ओले गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक किमान दहा, शक्यतो चौदा दिवस काढू नये. घोटाई, म्हणजे मशीनने पृष्ठभाग घासून गुळगुळीत करणे, घाईने सुरू केली की काचा निखळून खड्डे पडतात. असे झाल्यास मशीन थांबवून त्याच सिमेंटची पातळ लापशी खड्ड्यांत भरावी आणि काही दिवसांनी पुन्हा बारीक पॅडपासून सुरुवात करावी. घोटाई पाणी सोडूनच करावी, कारण सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते. मास्क लावावा आणि विजेच्या जोडणीला आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) असावाच.

40 मिलिमीटर जाडीच्या लादीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 95 किलो भरते. ती आडवी उचलल्यास मधोमध मोडू शकते, म्हणून नेहमी कडेवर उभी धरूनच न्यावी.

सीलर (डाग आणि पाणी आत मुरू न देणारा लेप) लावल्याशिवाय ओटा वापरात आणू नये, कारण लिंबू, चिंच आणि कोकम यांच्या आंबटपणाने सिमेंट खरवडले जाते आणि हळदीचा डाग आत मुरतो. ओतकामाच्या वेळीच उरलेल्या मालाची हातभर लादी करून ठेवावी, तिलाही ओट्याइतकेच सीलरचे हात द्यावेत आणि तिच्यावर हळदीचे पाणी व लिंबाची फोड अर्धा तास ठेवून पुसावे. पिवळा डाग किंवा फिकट वण राहिला, तर ओट्याला आणखी एक हात द्यावा.