जलपर्णी काढली म्हणून तळं भरत नाही

पाऊस लागायच्या आधीचे चार-सहा आठवडे तळी, पाट आणि चाऱ्या साफ करायचे. पाणी खाली गेलेलं असतं, जलपर्णी उरलेल्या डबक्यात गोळा झालेली असते. आता राहिली तर पहिल्या पुरात वाहत जाऊन खालच्या मोऱ्या तुंबवते. तेव्हा काढाच, पण 'ती काढली की पाणी वाचतं' हा हिशेब आधी मांडून बघा.

एफएओ म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना. तिच्या १९९८ च्या पीक-पाणी पुस्तिकेत उथळ उघड्या पाण्याचा गुणांक १.०५ आहे, भर वाढीतल्या पाणकणसाचा (काठच्या पाण्यात उभं वाढणारं उंच गवत) १.२०. हा गुणांक संदर्भ बाष्पोत्सर्जनाला, म्हणजे त्या हवेत भरपूर पाणी मिळालेल्या आखूड गवतातून जेवढं पाणी उडतं त्याला, गुणायचा. ते दिवसाला ६ मिमी धरलं तर पाणकणीस ७.२ मिमी पाणी उडवतं आणि उघडं पाणी ६.३. फरक ०.९ मिमीचा, म्हणजे हेक्टरी रोज ९,००० लिटर. बरे वाटतात, पण झाडोरा काढल्यावरही त्याच हेक्टरातून ६३,००० लिटर जातातच. जलपर्णी कितीतरी पट पाणी पिते असे जे आकडे फिरतात, त्यातले बरेच छोट्या टाक्यांतल्या प्रयोगांचे आहेत. तिथे चारी बाजूंनी कोरडा वारा लागतो.

हीच गोष्ट चारीच्या काठच्या अरुंद पट्टीला लागू पडते. रानातला गरम वारा थेट उंच पानांवर येतो आणि तिथे खरंच जास्त पाणी उडतं. शिवाय गवताने प्रवाह अडतो, शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही. म्हणून मजूर कमी असतील तर तळं मागे ठेवा, चारी आधी घ्या.

तळ्याचं काय होतंय ते स्वतः मोजा. काठाशी मिमीच्या खुणांची पट्टी रोवा. पंप बंद आणि आवक नसेल असे दोन दिवस निवडून सूर्यास्ताला आणि सूर्योदयाला वाचा. उथळ तळ्यात, वारा नसलेल्या रात्रीची घट बहुतेक पाझराची असते. दिवसाच्या घटीतून तेवढ्याच तासांचा पाझर वजा केला की राहील ते ऊन आणि वनस्पतींनी नेलेलं. बहुतेकदा पाझरच मोठा निघतो, आणि त्यावर विळा चालत नाही.

पाणकणीस उपटत बसू नका, मुळं तुटून राहतात. पाणी कमी असताना बुडाशी कापा, वाळलेले दांडेही सोडू नका. पाणी चढून खुंट बुडाले की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मात्र आवकेच्या तोंडाशी थोडी पट्टी राहू द्या, ती गाळ अडवते.

जलपर्णी फुलायच्या आत काढा, बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं. फवारणीचा मोह आवरा: जागेवर कुजली की पाण्यातला प्राणवायू जातो, मासे मरतात, आणि तेच पाणी पिकाला द्यायचं असतं. तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच, म्हणून ढीग काठावर चार दिवस निथळू द्या, मग वाहून न्या. मात्र पुराची रेषा सोडून वर. सांडपाण्यातली असेल तर खत करू नका, त्यात जड धातू साठलेले असू शकतात. पुढे दर आठवड्याला एक फेरी मारा, हाताने निघतील एवढीच रोपं असतात तोवर.