आंबा हंगामासाठी जुनी पिकअप घेताय? आधी गाडीखाली शिरा

मार्चमधल्या तोड्याआधी गाडी दारात हवी, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत रत्नागिरी, राजापूर, देवगडकडचे बागायतदार जुन्या पिकअप बघत फिरतात. इंजिनाचा आवाज ऐकतात, टायरला लाथ मारून बघतात, बयाणा देऊन मोकळे होतात. गाडीखाली कोणी शिरत नाही. किनारपट्टीत मात्र गाडी खालूनच मरते.

आपल्याकडे विकायला येणाऱ्या बऱ्याच पिकअपनी आधी मासळी वाहिलेली असते. बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या फटींतून चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, गळत राहते, चासीच्या आतल्या खाचेत मातीबरोबर साचते आणि लोखंडाचे पापुद्रे सुटू लागतात. वरून काळा रंग मारला की काही दिसत नाही.

दोन हंगामांपूर्वी आमच्या शेजारच्या वाडीतली आंब्याने भरलेली गाडी ऐन दुपारी रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावरच्या आंबा घाटात बसली. मागच्या पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) ब्रॅकेट चासीच्या तुकड्यासकट उखडला होता. मी पोचलो तेव्हा त्या कडेचे लोखंड बोटाने चुरत होते. दुसरी गाडी मिळून पेट्या हलवेपर्यंत अंधार पडला. पेटीत हात घातला तर पेंढा गरम, फळ देठाशी नरम. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात व्यापाऱ्याने अर्ध्या पेट्या बाजूला काढल्या. वर्षभराची राखण, फवारण्या, राखणदार गुरख्यांची मजुरी, सगळे एका ब्रॅकेटपायी गेले. असे मी आणखी दोघांचे पाहिले आहे.

म्हणून गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. हातात बॅटरी, छोटी हातोडी आणि जाड स्क्रू-ड्रायव्हर ठेवा. मागच्या पाट्यांचे ब्रॅकेट आणि आडव्या पट्ट्यांचे सांधे हातोडीने ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबा. टोक रुतले, पापुद्रा सुटला किंवा चासीला पट्टी वेल्ड केलेली दिसली, तर स्वस्त मिळाली तरी ती गाडी नको. ब्रेकच्या लोखंडी नळ्या क्लिपांजवळ बघा, गंज तिथेच आधी धरतो. मग ब्रेक मिनिटभर जोरात दाबून धरा. पेडल हळूहळू खाली गेले तर कुठेतरी गळती आहे.

एजंट म्हणेल, ‘अंडरकोटिंग (गाडीखाली गंजरोधक लेप) करून देतो, काळजी नको.’ सडलेल्या लोखंडावर कोटिंग म्हणजे गंज झाकायचे पैसे. नको म्हणा. रेडिएटरची गळती बंद करणारे औषध, इंजिनात ओतायचे महागडे डबे, यांनाही तेच उत्तर.

माझा एक ठोकताळा आहे. गाडी उन्हात काचा बंद करून अर्धा तास ठेवा, मग दार उघडून वास घ्या. मासळीचा वास धुऊन जात नाही. केबिनमध्ये अत्तराचा भपका असेल तर मी दुप्पट वेळ खाली घालवतो.

इंजिन गार असतानाच सुरू करून बघा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. वजन भरून चढावर चालवा, तापमानाचा काटा लाल पट्टीकडे जाऊ नये. कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे, हे बहुतेक कंपन्यांचे प्रमाण. नुसते विहिरीचे पाणी भरलेले असेल तर रेडिएटर आतून सडला असे धरा.

बाकीची तपासणी:
- टायर: बाजूवरचे बनावटीच्या तारखेचे चार आकडे (२३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा), झीज १.६ मिमीच्या खुणेपर्यंत आलेली नको
- चासी नंबर आरसीशी जुळतो का. गंजाने पुसट झाला असेल तर पुढे आरटीओत अडेल
- फिटनेस प्रमाणपत्र: ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी, नंतर दरवर्षी
- ८ वर्षांवरच्या गाडीचा पर्यावरण कर
- विमा, पीयूसी, थकलेली ई-चलने
- कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५
- नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०

हे सगळे फेब्रुवारीतच उरका. एप्रिल-मेमध्ये अवकाळीचे ढग आले की दोन दिवसांत झाडांवरचे आंबे उतरवावे लागतात. त्या घाईत गाडी शोधणारा माणूस हौद्यावरचा रंग बघून पैसे मोजतो.

गाडी घेतल्यावर पहिल्याच रविवारी चासीची आतली खाच गोड्या पाण्याने पाइप लावून धुवा. माती निघून पाणी स्वच्छ येईपर्यंत पाइप बंद करू नका.