गणपतीत घर भरतं, तेव्हा गप्प झालेल्या पोराला सांभाळा

गावात राहून आंब्याची कलमं बघणाऱ्या पोराला आमच्या गुहागरकडे दोन प्रश्न वर्षभर छळतात: मुंबईला का गेला नाहीस, आणि लग्न कधी करतोस? गणपतीला चाकरमानी आले की तेच प्रश्न दहा तोंडांतून येतात. तिशी उलटलेली, त्यात मोहोर गळून कर्ज अंगावर आलेलं. असा पोरगा पडवीतून उठून आतल्या खोलीत जातो तो बाहेर येतच नाही. हा नुसता रुसवा नसतो, उदासीनतेचा आजार असू शकतो. आरोग्य केंद्रात परिचारिका होते तेव्हा अशी घरं मी जवळून पाहिली. म्हणून आईबापांना कळकळीने सांगते, मखरासोबत याचीही तयारी करा.

भावकीत ज्यांचा शब्द चालतो अशा काकांना किंवा आत्याला आधीच गाठा. "लग्नाचं, नोकरीचं कुणी काढू नका," एवढंच सांगा. आजाराचं सांगायचं का, हे आधी मुलालाच विचारा. आरतीला उभं राहायची सक्ती नको, पण दूर्वा आणण्यासारखं एखादं काम त्याच्याकडेच राहू द्या.

भजन, जाखडी रात्रभर चालते. त्याला वेळेवर झोपू द्या. उपवास आहे म्हणून गोळी चुकवू नका, आणि गोळ्या चालू असताना दारूचा आग्रह कुणी करत असेल तर सरळ अडवा.

मोठी माणसं बाहेरचं काही आहे म्हणतील, देवाला कौल लावतील. गाऱ्हाणं घालू दे, त्यावरून घरात भांडू नका, कारण त्या भांडणाचं ओझंही शेवटी पोरावरच येतं. मात्र डॉक्टरकडे जायचं की नाही हे कौलावर ठेवू नका. मारझोड, धुरी देणं असले अघोरी प्रकार होऊ देऊ नका. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कलमांकडे फिरकणं नाही, असं असेल तर गणपती जायची वाट बघू नका. रत्नागिरीचं मनोरुग्णालय 1886 पासून आहे, पण त्याच्या नावाने चिडवतात म्हणून लोक तिथली पायरी टाळतात. तिथे गेलं म्हणजे भरतीच करतात असं नाही. बाह्यरुग्ण विभागात तपासून, गोळ्या घेऊन एसटीने घरी येता येतं. उदासीनतेच्या गोळ्यांचा गुण यायला 2 ते 4 आठवडे लागतात. चौथ्या दिवशी "फरक नाही" म्हणून बंद करू नका.

आणि एक विचाराच: "जीव द्यावासा वाटतो का रे?" विचारल्याने ते मनात येत नाही, उलट साचलेलं बोलता येतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली शेजारी द्या. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 2022 पासून चालू आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. जिवाला लगेच धोका वाटला तर 108 ला फोन करा.