जेराल्ड ब्रेनन यांची स्पेनवरची पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत

ब्रिटिश लेखक ब्रेनन यांच्या पुस्तकांच्या वाचनाची सुरुवात १९४३च्या ‘द स्पॅनिश लॅबिरिंथ’ने करू नये, स्पेनच्या यादवी युद्धामागची शेतजमिनीची आणि पक्षोपपक्षांची गुंतागुंत नवख्याला दमवते. आधी १९५७चे ‘साउथ फ्रॉम ग्रॅनाडा’ घ्यावे. दक्षिण स्पेनमधल्या येखेन या डोंगरी गावातल्या त्यांच्या वास्तव्याचे ते वर्णन असून, उतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत पाटाने खेळवलेले पाणी डोळ्यांपुढे आले, की गुहागरकडच्या वाचकाला आपल्या आगरातले शिंपणे आठवल्याशिवाय राहणार नाही. मग ‘लॅबिरिंथ’कडे वळावे, शेजारी स्पेनचा नकाशा उघडा ठेवावा आणि शेतीप्रश्नावरचे प्रकरण, आपल्याकडच्या खोतीचे स्मरण ठेवून, दोनदा वाचावे. १९५१चा स्पॅनिश साहित्येतिहास, ‘द लिटरेचर ऑफ द स्पॅनिश पीपल’, सलग न वाचता ‘डॉन किहोते’कार सेर्वान्तेसपासून उघडावा. पावसाळ्यात मात्र प्रत फडताळात कोंडू नये, बुरशी धरते.