एमजीबीच्या पुढच्या स्प्रिंगा घरच्या घरी कशा बदलाव्यात

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार समोरून पाहिली आणि एका बाजूचं मडगार्ड चाकावर जरा जास्तच झुकलेलं दिसलं, की बहुतेकजण लगेच पुढच्या स्प्रिंगा मागवतात. थोडं थांबा. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली. म्हणजे सगळ्यात धाकटी एमजीबीसुद्धा आता चाळिशी ओलांडलेली आहे. या वयात पुढची स्प्रिंग बसलेली, म्हणजे दबून खचलेली असू शकते, तसाच मागचा पाटाही (मागची पट्ट्यांची स्प्रिंग). मागचा एक पाटा बसला की गाडीचं तोंडही वाकडं होतं आणि आळ येतो पुढच्या स्प्रिंगवर.

खरा दोषी ओळखायला अर्धा तास पुरतो. गाडी सपाट जमिनीवर घ्या, चारही चाकांत हवा बरोबर भरा आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. मग पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा आणि मागच्या ॲक्सलच्या बरोबर मधोमध, डिफरन्शियलखाली (ॲक्सलवरच्या गिअरच्या गोल डब्याखाली) जॅक लावून मागची चाकं जमिनीपासून जेमतेम सुटतील इतपत उचला. गाडीचा मागचा भाग आता एकाच बिंदूवर तोललेला आहे, त्यामुळे मागच्या पाट्यांचा कल पुढे पोचत नाही. पुन्हा मोजा. पुढचा फरक नाहीसा झाला, तर काम मागच्या पाट्यांचं आहे. फरक तसाच राहिला, तरच पुढे वाचा.

स्प्रिंगा मागवताना गाडीचा नेमका प्रकार सांगा. उघड्या रोडस्टरची स्प्रिंग वेगळी आणि छप्परवाल्या जीटीची वेगळी. जीटीची जास्त कडक असते आणि मोकळी ठेवली तर लांबीला कमी भरते. १९७४ च्या शेवटी रबरी बंपर आले तेव्हा गाडीची उंची सुमारे दीड इंचाने वाढवली, तेही ध्यानात घ्या. मला एका दुकानदाराने रोडस्टरसाठी म्हणून जीटीच्या स्प्रिंगा पाठवल्या होत्या. जुनीशेजारी नवी उभी करून पाहिली म्हणून वेळीच कळलं. एकच बाजू बसलेली दिसली तरी स्प्रिंगा जोडीनेच बदलायच्या.

आता धोक्याचं. रोडस्टरची मूळ स्प्रिंग मोकळी असताना जवळपास १० इंच उंच असते. गाडी चाकांवर उभी असताना तीच ७ इंचांच्या आसपास दाबलेली असते. अशा स्प्रिंगेत चारशे किलोंच्या वर जोर साठलेला असतो. चाक लोंबकळत सोडलं तरी तो सगळा निघून जात नाही. तेव्हा या कामात खरी गोष्ट एकच, तो जोर तुमच्या हाताने, आट्याआट्याने सुटला पाहिजे.

जुन्या पद्धतीत स्प्रिंगेखालच्या ताटलीला जॅक लावतात, हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) वरचा ट्रनियनचा, म्हणजे वरच्या सांध्याचा बोल्ट काढतात, हब बाहेर कलवतात आणि जॅक हळूहळू उतरवतात. किंगपिनचं (हब ज्या उभ्या खिळ्यावर वळतो त्याचं) काम सोबत करायचं असेल तर हीच वाट सोयीची. पण एकट्याने काम करणाऱ्याने ती धरू नये असं माझं ठाम मत आहे, कारण सगळा भरवसा जॅक न सरकण्यावर असतो. बाजारात मिळणारे हुकांचे स्प्रिंग कॉम्प्रेसरही (स्प्रिंग दाबून धरणारी अवजारं) या अरुंद जागेत नीट बसत नाहीत. मी लांब रॉडची पद्धत वापरतो आणि तीच इथे सांगतो.

ताटली खालच्या विशबोनच्या, म्हणजे हबला गाडीशी जोडणाऱ्या सांगाड्याच्या दोन हातांना चार बोल्टांनी धरलेली असते. त्या बोल्टांच्याच जाडीचे आणि आट्याचे, सहा इंच लांबीचे हाय टेन्साइल (जास्त ताण सोसणारे) रॉड दोन हवेत. हार्डवेअरच्या दुकानातला साधा मऊ लोखंडी आट्यांचा रॉड चालणार नाही. गाडीचे आटे इंचाचे आहेत, तेव्हा पानेही इंचाचेच घ्या. मिलिमीटरचा पाना थोडा सैल बसतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकतो. इथे इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे या चार बोल्टांची अवस्था बहुधा वाईटच असते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि नवे बोल्ट, नट, वायसर आधीच आणून ठेवा.

मागच्या चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. मग पुढचा भाग उचलून क्रॉसमेंबरच्या (स्प्रिंगा ज्याला टेकतात त्या आडव्या तुळईच्या) मागे चॅसिसच्या रेलखाली दोन्ही बाजूंना स्टँड लावा. गाडी हाताने जोरात हलवून पाहा. जराही डुलली तर स्टँड पुन्हा लावा. चाकं काढा. गाडीला अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा आडवा दांडा) असेल तर त्याची लिंक सोडवा. दोन्ही चाकं लोंबकळत असली की ती ताणाशिवाय सुटते.

स्प्रिंगेच्या वेढ्यातून एक मजबूत साखळी ओवून क्रॉसमेंबरभोवती सैलसर बांधा. ट्रॉली जॅक ताटलीखाली नुसता टेकेल असा आणा. त्यानंतर समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, म्हणजे तिरके, दोन बोल्ट एकेक करून काढा आणि त्यांच्या जागी रॉड घाला. रॉडच्या वरच्या टोकाला एकमेकांवर घट्ट आवळलेले दोन नट, खाली जाड वायसर आणि नट, आणि सगळ्या आट्यांना भरपूर ग्रीस. खालचे नट ताटलीला घट्ट लागले की मगच उरलेले दोन बोल्ट काढा.

यापुढे घाई नाही. एका नटाचे दोन आटे, मग दुसऱ्याचे दोन. जॅक तेवढाच खाली. ताटली तिरकी होऊ लागली तर तिथेच थांबून समतल करा, नाहीतर रॉड वाकतो. सुरुवातीला नट जड जातो, रॉडमधून बारीक करकर ऐकू येते. काही वेळाने पान्यावरचा जोर कमी होत जातो आणि एका क्षणी नट बोटांनी फिरू लागतो. स्प्रिंग हाताने हलवली की वेढा सैल खुळखुळतो. तोवर चेहरा आणि गुडघे ताटलीच्या रेषेत आणू नका.

स्प्रिंग बाहेर आली की लगेच नवी घालू नका, कारण अशी तपासणीची संधी पुन्हा लवकर येत नाही. एमजीबीत पुढचा शॉक ॲब्सॉर्बर हाच वरचा विशबोन आहे, त्याचे हात हबला जोडलेले असतात. स्प्रिंग नसताना हब दोन्ही हातांनी धरून सावकाश वरखाली करा, ब्रेकच्या नळीला मात्र ताण येऊ देऊ नका. दोन्ही दिशांना सारखा, मऊसर विरोध जाणवला पाहिजे. मधेच हात मोकळा जात असेल तर आत तेल कमी आहे. दांड्याजवळ ओल दिसली तर तेल गळतंय, आणि तेल भरून ते थांबणार नाही. ताटलीला बोल्टाच्या भोकांजवळ तडा किंवा गंजाने पातळ झालेला भाग आहे का पाहा. विशबोनच्या आतल्या टोकाचे रबरी बुश (सांध्यातल्या रबरी नळ्या) फाटले असतील तर आत्ताच बदला. किंगपिनला प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल असतात. चाकं हवेत आहेत तोवर तिथे जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत पंप मारा.

नवी स्प्रिंग वर क्रॉसमेंबरमधल्या जागेवर नीट बसवा, खालचं टोक ताटलीच्या खोलगट भागात. साखळी पुन्हा ओवा. दोन्ही नट आळीपाळीने आवळत ताटली वर आणा. भोकं जुळली की मोकळ्या जोडीत नवे बोल्ट घालून आवळा, मग रॉड काढून उरलेले दोन घाला. भोक थोडं सरकलेलं असेल तर निमुळत्या पहारीने जुळवा, बोट कधीही घालू नका. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळायचे. दुसरी बाजू याच क्रमाने.

अँटी-रोल बारची लिंक जोडा, चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा. बुशांचे नट सोडवले असतील तर ते या वेळी घट्ट करू नका. आधी गाडी काही फूट पुढेमागे ढकला, पुढून दोनचार वेळा दाबून सोडा आणि चाकांवर भार असतानाच ते आवळा. हवेत आवळलेला रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

नव्या स्प्रिंगांवर गाडी थोडी उंच दिसेल. शे-दोनशे मैल चालवल्यावर स्प्रिंगा बसतात, तेव्हा पुन्हा मोजा. उंची बदलली म्हणजे टो-इन (पुढच्या चाकांचा समोरून आत असलेला कल) बदललेला असतो. तो १/१६ ते ३/३२ इंच असायला हवा. त्याच दिवशी ताटलीच्या आठही बोल्टांवर एकदा टॉर्क रेंच फिरवा.